नाताळचा चीजकेक: भेगा का पडतात, मधे ओला का राहतो आणि स्ट्रॉबेरी पाणी का सोडते

नेरूळच्या एका मुलाने विचारलंय की २४ डिसेंबरला रात्री घरी दहा-बारा जण येणारेत, त्यांच्यासाठी वर स्ट्रॉबेरी लावलेला बेक्ड चीजकेक करायचाय, ओव्हन म्हणजे २८ लिटरचा ओटीजी, मागच्या वर्षी केला तेव्हा वर भेगा पडल्या, मधे ओला राहिला, खालच्या बिस्किटाचा चिखल झाला आणि स्ट्रॉबेरीने लाल पाणी सोडलं ते प्लेटभर पसरलं. शिवाय आई अंडं खात नाही, मग तिच्यासाठी काय. एका दमात एवढं सगळं. तुझं वय माझ्या मुलाएवढं दिसतंय म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी ठाण्यात नौपाड्याला राहते, घरूनच केकच्या ऑर्डरी घेते, १४ वर्षं झाली, आणि चीजकेक बिघडवायचे जेवढे म्हणून प्रकार आहेत ते सगळे स्वतःच्या हाताने करून झालेत.

पहिली गोष्ट, याच्या नावात केक आहे ना, तिथेच सगळ्यांची फसगत होते. केक म्हटलं की आपण १८० डिग्रीला लावतो, फुगायची वाट बघतो, मधे सुरी घालून कोरडी निघते का बघतो. चीजकेकला यातलं काहीच चालत नाही. तो खरवसाच्या जातीचा आहे. दूध, साखर आणि उष्णतेने घट्ट होणारं प्रोटीन, बस. खरवसात ते चिकाच्या दुधातलं असतं, इथे अंड्यातलं. आता आजी खरवस कसा करायची आठव, मंद आच, डबा पाण्यात, वर झाकण, आणि उतरवला तरी डबा हलवला की मधे थरथरायचा, गार झाल्यावर वड्या पडायच्या. कोणी खरवसात सुरी घालून कोरडी निघेपर्यंत शिजवला तर काय होईल, जाळी पडेल आणि पाणी सुटेल. तुझ्या चीजकेकचं तेच झालं.

आणि भेगाही पडल्या, मधे ओलाही राहिला, हे दोन्ही एकदम कसं, असं तुला वाटलं असेल. होतं की. ओव्हन जास्त तापला की कडा आधी शिजून आवळतात, मधला भाग मागेच राहतो. मग तू घाबरून अजून दहा मिनिटं ठेवतोस, कडा अजून आवळतात, वरचा पापुद्रा कोरडा पडतो, आणि बाहेर काढल्यावर गार होताना सगळं आत ओढलं जातं. कडा टिनला चिकटलेल्या, त्या सोडत नाहीत, मग फाटणार कुठून, मधूनच. माझा २०११ सालचा पहिला चीजकेक असाच फाटला होता, लेक तेव्हा पाचवीत होती, तिने बघितलं आणि म्हणाली आई यात पृथ्वीच्या प्लेट्स दिसतायत, भूगोलाच्या पुस्तकातल्या. वरून फळं लावून झाकला आणि पाहुण्यांना दिला, कोणाला कळलं नाही. म्हणजे अगदीच वेळ आली तर तोही मार्ग आहेच, फळ कशाला लावतात असं तुला वाटतं?

आता सामान. आठ इंची टिन, म्हणजे कडी उघडून बाजू सुटणारा स्प्रिंगफॉर्म, याच्यात बारा तुकडे आरामात पडतात. बेसला डायजेस्टिव्ह बिस्किटं २०० ग्रॅम, वितळवलेलं बटर ९० ग्रॅम. अमेरिकन लोक यात ग्रॅहम क्रॅकर वापरतात, ते इथे शोधत बसू नकोस, डायजेस्टिव्ह त्याहून बरं लागतं असं माझं मत. मारी चालतं पण मग चमचाभर साखर घाल. नेहमीचं खारं बटर बिनधास्त वापर, बेसला थोडं मीठ हवंच असतं. वरच्या मिश्रणाला क्रीम चीज ६०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, चक्का १५० ग्रॅम, फ्रेश क्रीम १०० मिली, अंडी तीन, कॉर्नफ्लोअर एक टेबलस्पून, व्हॅनिला, आणि एका लिंबाची साल किसून, फक्त पिवळी, पांढरं आलं की कडू लागतं.

क्रीम चीज घेताना डबा नीट वाच. आपल्याकडे चीज स्प्रेड नावाचा एक प्रकार मिळतो, खारट, ब्रेडला लावायचा, डबा दिसायला साधारण तसाच. एका बाईने माझी रेसिपी घेऊन त्याच्यात केला आणि मला फोन करून म्हणाली की तुमचा चीजकेक खारट होतो. अमूल, ब्रिटानिया, डीलेक्टा यांचं क्रीम चीज आपल्याकडे मिळतं, फिलाडेल्फिया मोठ्या दुकानांत असतं पण महाग पडतं, आणि नाव फिलाडेल्फिया असलं तरी क्रीम चीजचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावचा, १८७२ चा, तेव्हा नावाला भुलून दुप्पट पैसे घालायची काही गरज नाही. देशी क्रीम चीज जरा मऊ असेल तर डब्यात वर सुटलेलं पाणी ओतून टाक, ढवळून आत घेऊ नकोस. आणि हे सगळं २० तारखेच्या आत आणून ठेव, नाताळच्या आठवड्यात दुकानदार हमखास म्हणतो कालच संपलं.

चक्का बाहेर सावर क्रीम घालतात त्याच्या जागी आहे, आणि इथे आपण त्यांच्यापेक्षा श्रीमंत आहोत. फुल क्रीम दुधाचं लिटरभर दही लाव, कापडात बांधून फ्रीजमध्येच चाळणीवर रात्रभर ठेव, साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो. बाहेर खुंटीला टांगू नकोस, सकाळपर्यंत आंबट होतो. डेअरीतला तयार आणलास तर आधी जिभेवर ठेवून बघ. मला बरेच जण विचारतात की सगळंच चक्क्यात केलं तर, पैसे वाचतील. वाचतील, पण मग ते भाजलेलं श्रीखंड होतं. वाईट लागत नाही, मी घरी खाते आवडीने, पण लोकांना चीजकेक म्हणून सांगू नको.

सगळं सामान, म्हणजे क्रीम चीज, चक्का, अंडी, क्रीम, दीड-दोन तास आधी फ्रीजबाहेर काढून ठेव. हे लोक करत नाहीत, आणि सगळं इथेच फिसकटतं. गार क्रीम चीज फेटलं की त्याच्या गुठळ्या होतात, अंडी घातल्यावर त्या मोडायला तू बीटर जोरात फिरवतोस, बीटरने हवा आत जाते, ती हवा ओव्हनमध्ये फुगते, केक टिनच्या वर येतो आणि मग खाली बसताना फाटतो. कुठून कुठे गेलं बघ, गुठळीपासून भेगेपर्यंत. म्हणून आधी नुसतं क्रीम चीज आणि साखर हलक्या हाताने लोण्यासारखं मऊ कर, कडेचं खरवडून परत, मग चक्का, क्रीम, कॉर्नफ्लोअर, लिंबाची साल. या टप्प्याला गुठळ्या दिसल्या तर भांडं कोमट पाण्यावर दोन मिनिटं धर आणि तरी राहिल्या तर सरळ पुरणाच्या चाळणीतून गाळून घे, मी नेहमी गाळते, गुठळ्या असोत नसोत. अंडी सगळ्यात शेवटी, एकेक, आणि बीटर बाजूला ठेवून स्पॅट्युलाने. पिवळं दिसेनासं झालं की थांब. मिश्रण ओतता येईल असं, साधारण डोशाच्या पिठाएवढं झालं पाहिजे. टिनमध्ये ओतलं की टिन ओट्यावर चार-पाच वेळा आपट, वर बुडबुडे येतील ते टूथपिकने फोड.

बेस त्याच्या आधी करून ठेवायचा हे सांगायचं राहिलंच. बिस्किटं मिक्सरला रवाळ, अगदी पीठ नको, बटर घालून मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे. टिनच्या तळाला बटर पेपर, त्यावर हे मिश्रण वाटीच्या बुडाने दाबून दाबून बसव, आणि १६० डिग्रीला दहा मिनिटं भाजून गार कर. भाजल्याने बटर आणि बिस्किटाचा एक घट्ट थर होतो, वरचं ओलं लगेच आत उतरत नाही. टिनच्या बाजूंना पण बटर लाव, म्हणजे गार होताना केक कडेपासून सुटतो आणि मधे फाटत नाही.

आता तुझ्या चिखलाचं. तू टिनला फॉइल गुंडाळून पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला होतास ना? सगळे व्हिडिओत तसंच दाखवतात, आणि त्यांच्याकडे हातभर रुंदीची जाड फॉइल असते. आपल्या किराणा दुकानातली फॉइल पोळ्या गुंडाळायची, पातळ आणि अरुंद, दोन पट्ट्या जोडाव्या लागतात, त्या जोडातून नाहीतर घडीला पडलेल्या बारीक भोकातून पाणी शिरतंच. मी तीन-तीन थर लावून बघितलेत. मग एक दिवस कंटाळून काय केलं, आठ इंची टिन सरळ नऊ इंची साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या केक टिनमध्ये ठेवला, तो कोरडा, आणि तो नऊ इंची टिन पाण्याच्या ट्रेमध्ये. मधे बोटभर हवा राहते, केक अजूनच हळू होतो, पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, पण पाण्याचा थेंब आत जात नाही. त्यानंतर माझा बेस एकदाही भिजला नाही. नऊ इंची टिन नसेल तर जाड बुडाचा उभ्या कडांचा कुठलाही डबा चालेल, आईच्या ढोकळ्याच्या थाळ्या आधी बघ. तुझ्या ओटीजीत ट्रे, डबा, टिन एवढं सगळं मावतं का ते मात्र आदल्या दिवशी रिकाम्या ओव्हनमध्ये ठेवून बघ, उकळत्या पाण्याचा ट्रे हातात घेऊन मापं काढू नये.

पाणी उकळतं घ्यायचं, टिनच्या निम्म्या उंचीपर्यंत. पाणी कशासाठी, तर पाणी १०० डिग्रीच्या वर जात नाही, त्यामुळे ओव्हन काही का म्हणेना, कडेला त्याच्या वर आच लागत नाही, आणि वाफेने वरचा पापुद्रा सुकत नाही.

ओव्हन १५० डिग्री, दोन्ही रॉड चालू, पंखा असेल तर बंद, टिन खालच्या बाजूच्या जाळीवर. आणि ओटीजीच्या बटणावर १५० लिहिलंय म्हणजे आत १५० आहे असं समजू नकोस, माझा जुना ओटीजी १५० ला लावला की आत १७५ असायचा, मला हे तीन वर्षं माहीत नव्हतं, मी आपली रेसिपीलाच शिव्या घालत होते. आत टांगायचा ओव्हन थर्मामीटर मिळतो, फार महाग नाही, तो घे. लहान ओव्हनमध्ये वरचा रॉड जवळ असतो, वर लवकर रंग चढायला लागला तर रॉड बंद कर किंवा वर फॉइलचा सैल कागद ठेव, टेकू देऊ नकोस.

साधारण ६० ते ७५ मिनिटं. पण घड्याळ बघू नकोस, ५५ व्या मिनिटाला दार उघडून टिनला हलकी टिचकी मार. कडेपासून दोन इंच घट्ट आणि मधला वाटीएवढा भाग एकसंध थरथरला, खरवसासारखा, तर झालं. लाट आल्यासारखा हलला, पातळ वाटला, तर अजून दहा मिनिटं. अजिबात हललाच नाही तर उशीर झालाय. काडीचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६५ ते ६८ डिग्री दिसलं की बंद कर, अंडं त्याच्यापुढे जास्त तापलं की आवळतं आणि स्वतःतलं पाणी सोडतं. पहिल्यांदा बंद करताना हात कापतो, मला माहितेय, समोर दिसतंय की मधे हलतंय आणि आपण बंद करतोय. तरी कर. नंतर तासभर तो ओव्हनमध्येच असतो, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून ठेवायचा, आणि त्या तासात मधला भाग आतल्या उष्णतेनेच शिजत राहतो. मग बाहेर काढ, पाण्यातून काढ, पातळ सुरी कडेने एकदा फिरव, पंख्याखाली नको, ओट्यावर पूर्ण गार होऊ दे आणि मग फ्रीज.

बेकिंग चालू असताना लाईट गेली तर दार उघडायचं नाही. आमच्याकडे एकदा ऐन २० मिनिटांनी गेली, बाहेर सोसायटीत सगळे जनरेटर जनरेटर करतायत आणि मी ओटीजीला जुनी चादर गुंडाळून बसलेय, प्लग काढून अर्थातच. ४० मिनिटांनी आली, परत चालू केला, वेळ जरा वाढवला, केक ठीक झाला. गरम पाणी आत असतं त्याचा हा एक फायदा.

फ्रीजमध्ये कमीत कमी आठ तास. मागच्या वर्षी तू सकाळी करून संध्याकाळी कापलास असं लिहिलंयस, म्हणजे मधे ओला होता त्यातला अर्धा दोष बहुतेक ओव्हनचा नव्हताच, तो गार झाला नव्हता. क्रीम चीजमधलं फॅट थंड होऊन घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि चीजकेकचा निम्मा घट्टपणा त्याचाच असतो. म्हणून उलटा हिशोब लाव: २४ ला रात्री खायचा, तर २३ ला संध्याकाळी बेक, रात्री दहा-अकराला फ्रीज, २४ ला दुपारनंतर फळं. फ्रीजमध्ये झाकून ठेव, पण गरम असताना झाकू नकोस, झाकणाला घाम येतो आणि तो वर टपकतो. आणि शेजारी चिरलेला कांदा, फणसाचे गरे, सुकट असलं काही नको, क्रीम चीज वास ओढून घेतं. वासाच्या बाबतीत फ्रीज म्हणजे दादरची गाडी, सगळे एकमेकांना चिकटून उभे.

आता स्ट्रॉबेरी. डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यायला लागलेली असते, पण हा हंगामाचा सुरुवातीचा माल, दिसायला लालभडक, चवीला पुष्कळदा आंबट. खरी गोड जानेवारी-फेब्रुवारीत. चीजकेकला आंबट असलेली चांगलीच, खालचं गोड आणि जड असतं. तू नेरूळला आहेस तर तुर्भ्याचं फळ मार्केट जवळच आहे, सकाळी लवकर गेलास तर बरं मिळतं, पण ते घाऊक, अख्खी पेटी घ्यावी लागेल. दोन-तीन डब्यांसाठी तेवढं पळू नकोस, आपला नेहमीचा फळवाला बरा. मी जांभळी नाक्यावरून आणते. प्लॅस्टिकचा डबा उलटा करून खालून बघ, वरचा थर नेहमीच राजबिंडा असतो, खालच्या चेपलेल्या असतात. देठाजवळ पांढऱ्या असतील तर घरी ठेवून गोड होणार नाहीत, स्ट्रॉबेरी तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाही. आणून लगेच धुऊ नकोस, डब्यात टिश्यू घालून फ्रीजला, धुवायची लावायच्या वेळेस, देठासकट, मग पंचावर पसरून पूर्ण कोरडी, मग देठ काढायचा. देठ आधी काढून धुतली तर त्या भोकातून पाणी पिते आणि तेच पाणी नंतर तुझ्या केकवर सोडते.

लाल पाण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. तू चिरून, साखर भुरभुरवून, सकाळीच लावून ठेवल्या होत्यास. साखर लागली की फळ पाणी सोडणारच, कैरीला साखर लावून ठेवली की काय होतं तेच. दोनच मार्ग. एक, अख्ख्या स्ट्रॉबेरी, टोक वर, बिनसाखरेच्या, खायच्या दोन-तीन तास आधी रचायच्या आणि वरून ब्रशने ग्लेझ, म्हणजे दोन चमचे जॅम एक चमचा पाण्यात गरम करून गाळलेला. चकाकतात आणि सुकत नाहीत. दुसरा, जो मला जास्त आवडतो, पाणी आधीच काढून घट्ट करायचं. ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे दोन भाग कर, अर्ध्या चिरून ६० ग्रॅम साखर आणि लिंबाच्या रसात मंद गॅसवर पाच-सात मिनिटं, विरघळायला लागल्या की चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घाल, एक उकळी येऊन रस पारदर्शक झाला की बंद, आणि उरलेल्या अर्ध्यांचे कच्चे तुकडे त्या गरम रसात घोळवून घे. शिजलेल्याचा दाटपणा आणि कच्च्याचा ताजेपणा दोन्ही राहतं. पूर्ण गार झाल्यावरच वर पसर, कडेला बोटभर मोकळं सोडून, कापताना आपोआप खाली ओघळतो तेवढा पुरे.

फळांची एक धोक्याची यादी आहे ती लक्षात ठेव. ताजा अननस, किवी, पपई आणि ताजं अंजीर कच्चं लावायचं नाही. यांच्यात प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात, पपईचा तुकडा मटणाला का लावतात तेच कारण, ते दुधाचं प्रोटीन पण तोडतात, दोन-तीन तासांत वरचा थर पातळ होतो आणि चव कडवट येते. मी एका ऑर्डरीला किवीच्या चकत्या आदल्या रात्री लावून दिल्या होत्या, फार सुंदर दिसत होतं, हिरवं हिरवं. दुसऱ्या दिवशी फोन आला की केक कडू आहे. पैसे परत दिले आणि वर नवीन करून दिला. अननस हवाच असेल तर साखरेत शिजवून घे किंवा डब्यातला वापर, गरम केल्यावर एन्झाइम मरतं. न भाजता जिलेटिनने सेट करायचा चीजकेक करतात त्यात तर ताजा अननस घातला की सेटच होत नाही. आंबा बिनधोक, पण डिसेंबरात आंबा म्हणजे डब्यातला रस, त्यापेक्षा एप्रिलची वाट बघ.

आईचा चीजकेक वेगळा कर, सहा इंची टिनमध्ये, आणि आदल्या दिवशी, २२ ला. क्रीम चीज २५० ग्रॅम, चक्का १०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क १५० ग्रॅम, क्रीम ५० मिली, कॉर्नफ्लोअर दीड टेबलस्पून, साखर अजिबात नाही. बेस वरच्याच्या निम्मा. कृती तीच, फक्त इथे घट्ट करायला अंडं नाही, काम कॉर्नफ्लोअर आणि दह्याचा आंबटपणा करतात, आणि कॉर्नफ्लोअरला अंड्यापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून हा मधे ८०-८५ डिग्रीपर्यंत जाऊ दे, थरथर पण कमी झाली पाहिजे. १५० डिग्रीला, तसाच पाण्यात, ४५ मिनिटांपासून बघायला लाग. अंडं नसल्यामुळे हा भेगांच्या बाबतीत जास्त समंजस असतो. खरं सांगू, माझ्या बिनअंड्याच्या ऑर्डरी जास्त असतात, ठाण्यात तर गुरुवार-शनिवार बघून केक मागवणारे पण आहेत, आणि चव बघून कोणी ओळखत नाही, पोत बघून ओळखतात, बिनअंड्याचा जरा पेढ्याच्या अंगाने जातो. भांडी, बीटर, स्पॅट्युला आधी या केकला वापर, अंड्याचं दुसऱ्या दिवशी. आईने विचारलं तर खरं सांगता आलं पाहिजे.

आणि एवढं सगळं वाचून धडकी भरली असेल तर एक पळवाट आहे, बास्क चीजकेक. स्पेनच्या सान सेबास्तियानमधल्या ला विन्या नावाच्या ठिकाणचा, १९९० च्या सुमाराचा. बेस नाही, पाणी नाही, बटर पेपर चुरगळून टिनमध्ये घालायचा आणि २१०-२२० डिग्रीला वरून काळपट होईपर्यंत भाजायचा, मधे हललाच पाहिजे, फुगतो, बसतो, फाटतो, आणि ते सगळं त्याचं सौंदर्य म्हणून खपतं. फळं वर न लावता बाजूला वाटीत द्यायची. पण अंड्याशिवाय मजा नाही, आणि तू विचारलायस स्ट्रॉबेरीवाला, नाताळच्या टेबलावर लाल दिसलं पाहिजे हे मलाही पटतं. आमच्या खालच्या मजल्यावर ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिश्चन समाजातलं, कुटुंब आहे, त्यांच्याकडून २५ ला कलकलं आणि नेवऱ्या या नाताळच्या गोड फराळाचं ताट येतं, माझ्याकडून दर वर्षी हाच लाल चीजकेक खाली जातो, ताट रिकामं परत द्यायचं नसतं ना.

कापताना लांब पातळ सुरी, शेजारी उंच ग्लासात गरम पाणी, प्रत्येक कापाला बुडव, पूस, काप, पुन्हा बुडव. एकदम खाली दाबायची, करवतीसारखी ओढायची नाही, नाहीतर बेसचा चुरा वर येतो. फ्रीजमधून काढल्यावर १५ मिनिटांनी काप, एकदम गार असला की चव दबते, आणि पाऊण तासाच्या वर बाहेर ठेवू नकोस, आपल्याकडे डिसेंबर म्हणजे काही थंडी नव्हे. कुठे न्यायचा असेल तर टिनमधून काढायचाच नाही, टिनसकट डब्यात, खाली ओला पंचा घडी करून म्हणजे सरकत नाही, फळं वेगळ्या डब्यात, पोचल्यावर लावायची. मी एकदा ठाण्याहून नेरूळलाच नेला होता, ट्रान्स-हार्बर लोकलने, दुपारी साडेअकराची वेळ, बसायला मिळालं, डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून. समोरची बाई रबाळ्यापासून बघत होती, शेवटी न राहवून तुर्भ्याला विचारलं, मावशी, काय आहे हो त्यात, बाळ धरल्यासारखं धरलंय. गाडीने नेला असता तर स्पीड ब्रेकरला जीव गेला असता.

दोन केक एका टेबलावर असतील तर कुठला कोणाचा याचा गोंधळ होतो, चिठ्ठ्या लावल्या तरी पाहुणे वाचत नाहीत आणि गप्पांच्या नादात सुरी एकातून दुसऱ्यात जाते. म्हणून फळं वेगळी लाव. अंड्याच्यावर स्ट्रॉबेरी, आईच्यावर नागपुरी संत्र्याच्या सोललेल्या फोडी, पांढरा पापुद्रा आणि बिया काढून, कोरड्या करून, वरून तोच ग्लेझ, फक्त जॅम संत्र्याचा. सोलायला वेळ जातो, ते काम आदल्या रात्री कोणालातरी टीव्हीसमोर बसवून दे. सुऱ्या पण दोन ठेव. लाल आपल्या सगळ्यांचा, केशरी आईचा, एवढं दारातच सांगून टाक.